भटक्यांची स्वकथने आणि शीळफाट्याचे बिऱ्हाड

चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो तेथील पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी 'माझे घर' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. विषय मामुली. मास्तरांना सुचतो तसलाच. एका विद्यार्थ्याने दीड पानाचा निबंध लिहिला. त्यात घर नव्हते, गावांची नावे होती. काटई, निळजे, डायघर, तळोजे, पुन्हा डायघर. इमारतीला प्लास्टर झाले की आम्हाला खोली सोडावी लागते, असे एक वाक्य होते. मग स्लॅब पडला त्या दिवशीच्या मटणाचे वर्णन होते. मग एकदम धाकट्या भावाचा जन्म. मग कुणाचे तरी पाइप चोरीला गेले म्हणून बापाला रात्रभर बसवून ठेवल्याची हकीकत. शेवट नव्हताच. मी लाल शाईने शेरा मारला, "सलगता नाही. मांडणी विस्कळीत." वीसपैकी आठ गुण दिले. पावसाळा लागला आणि मुलगा वर्गात दिसेनासा झाला. त्याचे आईबाप शीळफाट्याच्या नाक्यावर उभे राहतात हे मला नंतर कळले.

या लेखाला निमित्त तो निबंध आहे. विषय मात्र मराठीतील भटक्या-विमुक्तांची स्वकथने आणि ती वाचण्याची आपली रीत हा आहे. कारण मी त्या पोराच्या वहीवर जो शब्द लिहिला तोच शब्द या स्वकथनांच्या बाबतीत पुष्कळदा उच्चारला गेला आहे. अनुभव जळजळीत आहे, पण रचना विस्कळीत आहे. प्रसंगामागून प्रसंग येतात, पण त्यांतून सलग आलेख उभा राहत नाही. परिसंवादांतून, परीक्षणांतून, आमच्या शिक्षकांच्या खोलीतून हे मत मी ऐकले आहे. खोटे कशाला बोलू, मीही ते वर्गात सांगितले आहे. आज मला ते मत चुकीचे वाटते. ते का चुकीचे आहे हेच येथे सांगायचे आहे.

प्रथम या साहित्याचा क्रम ध्यानात घेऊ. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० चे, आणि १९८१ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दादासाहेब मोरे यांचे 'गबाळ' १९८३ चे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आणि भीमराव गस्ती यांचे 'बेरड' १९८७ चे. १९८८ साली साहित्य अकादमीने 'उचल्या'चा गौरव केला. १९९४ साली किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' आले. पंधरा-सोळा वर्षांच्या काळात मराठी वाचकापुढे एक अख्खे अनोळखी जग येऊन उभे राहिले. दलित साहित्याच्या चळवळीने जे दार उघडले त्यातूनच ही माणसे आत आली. त्यामुळे त्यांची पुस्तके दलित आत्मकथनांच्या रांगेत ठेवून, त्याच मापाने वाचली गेली. वेदना, नकार, विद्रोह ही आपली मापे होती. ती मोलाची होती आणि आहेत. पण या मापांत एक गोष्ट मावली नाही. ती म्हणजे काम.

'बलुतं' या शब्दाचाच विचार करा. बलुते म्हणजे गावाच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा. तो अपमानाने मिळत असे, शिळ्या भाकरीच्या रूपाने मिळत असे. बाबासाहेबांनी ज्या वतनाला गुलामीची बेडी म्हणून तोडायला सांगितले त्याच व्यवस्थेचा तो भाग होता. पण वाटा ठरलेला होता आणि जागाही ठरलेली होती. महारवाडा गावकुसाबाहेर होता, पण तो होता. दलित साहित्याचा सारा भूगोल या 'गावकुसाबाहेर' शब्दाने बांधलेला आहे. कैकाड्याला, वडाराला, कुडमुड्या जोशाला बाहेरची जागासुद्धा नव्हती. दोन दिवसांचा तळ, तोही पाटलाच्या मर्जीने. गावाशी त्याचे नाते एका टोपलीपुरते, एका भविष्यापुरते, एका खेळापुरते. टोपली विकली गेली तर रात्री चूल पेटणार. नाही गेली तर उद्या पुढचे गाव. एकाला व्यवस्थेने जागेवर डांबले, दुसऱ्याला जागेवर टेकूच दिले नाही. दोघांचा शत्रू एक आहे. दोघांच्या जगण्याची चाल मात्र एक नाही.

आता या चालीकडे पाहू. 'उपरा'तले बिऱ्हाड गाढवावर संसार लादून गावोगाव जाते. फोक तोडायचे, टोपल्या विणायच्या, धान्याच्या बदल्यात विकायच्या. 'गबाळ'मधले कुटुंब पालात राहते. पुरुष भविष्य सांगायला जातो. 'उचल्या'तल्या माणसांना तर चोरीखेरीज काही धंदा असू शकतो हेच समाज मान्य करीत नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९५२ साली तो रद्द झाला, पण हजेरी आणि संशय मागे उरले. तीन पुस्तके, तीन धंदे. पण तिन्हींत एक गोष्ट समान आहे. येथे कुटुंब हेच कामाचे एकक आहे. बाप कमावतो आणि बाकीचे खातात अशी मध्यमवर्गीय मांडणी येथे नाही. फोक आणणारा एक, सोलणारा एक, विणणारा एक, डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारी एक. पोर सात वर्षांचे झाले की तेही कामाला. आजारी पडलेले माणूस म्हणजे केवळ दुःख नव्हे, तो कामातला खाडा असतो. बाळंतपण हाही खाडा असतो. नवी सून म्हणजे दोन हात. शाळेत घातलेले पोर म्हणजे दोन हात कमी आणि एक तोंड तसेच.

म्हणूनच या पुस्तकांत बापाने पोराला शाळेत घालण्याचा जो प्रसंग येतो तो आपण समजतो त्याहून मोठा आहे. आपण तो ज्ञानाच्या ओढीचा प्रसंग म्हणून वाचतो, पाणावल्या डोळ्यांनी वाचतो. पण हिशोबाच्या डोळ्यांनी वाचला तर दिसते की एका अत्यंत अस्थिर धंद्यातून एक माणूस काढून घेतला जात आहे, आणि त्याची किंमत मागे राहिलेल्या सगळ्यांनी भरायची आहे. आईने, बहिणीने, धाकट्या भावांनी. लेखक पुढे गेला त्या प्रत्येक इयत्तेमागे बिऱ्हाडाने कुठेतरी एक वेळ कमी खाल्ले आहे. आपल्या समीक्षेने लेखकाच्या यातना मोजल्या. ही भरपाई मोजली नाही.

कामाच्या या चालीतच रचनेच्या प्रश्नाचे उत्तर आहे. स्थिर दरिद्र्याच्या आयुष्याची रेघ खाली असते, पण सरळ असते. गिरणीतला सफाई कामगार, सावकाराचा सालगडी, यांना उद्या काय आहे हे ठाऊक असते. ते वाईट आहे हेही ठाऊक असते. भटक्याची रेघ वरखाली होते. जत्रा लागली, सुगी आली, की चार दिवस हातात पैसा, पालांत गाणे, मटण, लग्नाची बोलणी. पाऊस लांबला, गावात चोरी झाली, फौजदार आला, की एका रात्रीत सगळे खलास. या वरखाली होण्याचा त्या माणसांच्या वागण्याशी संबंध नाही. त्यांनी काल काय केले त्यावर उद्या काय होईल हे ठरत नाही. मग त्यांच्या कथनात 'म्हणून' हा शब्द येणार कोठून? सलग कथानक 'म्हणून'वर उभे असते. मी शिकलो म्हणून नोकरी लागली, नोकरी लागली म्हणून घर झाले. ज्याच्या आयुष्यात 'म्हणून' नाही, 'मग' आहे, त्याचे कथन प्रसंगामागून प्रसंग असेच येणार. तोच त्या जगण्याचा खरा आकार आहे. त्याला विस्कळीत म्हणणे म्हणजे पुरात वाहणाऱ्या माणसाला तुझे पोहणे डौलदार नाही असे सांगणे.

आणि आणखी एक. या पुस्तकांतले चांगले दिवस आपण वाचतच नाही. त्यांत विनोद आहे, चेष्टा आहे, खाण्याचे सुख आहे, नवराबायकोचे भांडण आणि मनधरणी आहे. प्रस्थापित वाचकाला भटक्याकडून अखंड दुःख हवे असते. त्यात सुखाचा दिवस आला की त्याला तो अडथळा वाटतो. कार्यकर्त्यालाही पुष्कळदा तसेच वाटते, कारण भाषणात उतरणीचाच भाग कामाला येतो. पण चढ वजा केला तर उतार समजत नाही. ज्या घराने काल मटण खाल्ले त्या घराला आजचा उपास कसा लागतो, हे सतत उपाशी असलेल्याच्या चित्रातून कळत नाही.

या स्वकथनांवर माझा आक्षेपही आहे, तो लपवून ठेवू नये. बहुतेक पुस्तकांच्या उत्तरार्धात रेघ सरळ होऊ लागते. शिक्षण येते, नोकरी येते, चळवळ येते. 'उपरा'त लेखकाचे आंतरजातीय लग्न आणि जातपंचायतीशी झुंज येते. 'उचल्या'त लातूरची सूतगिरणी आणि कामगारांचा लढा येतो. हे भाग महत्त्वाचे आहेतच. पण तेथे बिऱ्हाडाचा रोजचा प्रवास मागे पडतो आणि एकट्या लेखकाचा प्रवास पुढे येतो. समीक्षक नेमके येथेच खूश होतात, कथन आता प्रगल्भ झाले म्हणतात. मला येथे एक पोकळी दिसते. जे सुटले त्यांनी लिहिले. जे पालात राहिले त्यांचे पुढे काय झाले? जनाबाई गिऱ्हे यांचे 'मरणकळा' आणि विमल मोरे यांचे 'तीन दगडांची चूल' या दोन बायकांच्या पुस्तकांकडे म्हणूनच पुन्हा वळले पाहिजे. दुसऱ्या पुस्तकाचे नुसते नाव पाहा. तीन दगड कोठेही मिळतात, आणि निघताना ते तेथेच टाकून जायचे असतात. घराची ही व्याख्या कुठल्याही पुरुष लेखकाच्या शीर्षकात आलेली नाही. चूल रोज मांडणारीलाच ती सुचू शकते.

ही पोकळी मला कोठे दिसली ते सांगतो. ठाण्याहून मुंब्रा ओलांडून पनवेलकडे जाणारा जुना रस्ता, कल्याणकडून येणारा रस्ता आणि महापेकडून येणारा रस्ता जेथे मिळतात तो शीळफाटा. त्या मुलाच्या शोधात मी तेथे काही सकाळी जाऊन उभा राहिलो. सात वाजता माणसे जमतात. मराठवाड्यातली, विदर्भातली. बंजारा, वडार, पारधी, आणि शेती गेलेले इतर अनेक. मिस्तरी वेगळे, बिगारी वेगळे. मुकादम जोडी मागतो. जोडी म्हणजे नवराबायको. ऊसतोडीत जसे नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजतात तसेच हे. एकट्या बाईला काम कमी, तान्हे पोर असलेल्या बाईला त्याहून कमी. दहा वाजले की ज्याला काम मिळाले तो गेला, ज्याला नाही मिळाले त्याचा खाडा. स्लॅबचा दिवस असला तर जादा मजुरी आणि वर जेवण. पावसाळ्यात नाका ओस. मग गावाकडे, किंवा मुकादमाची उचल घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात. 'उचल' म्हणजे आगाऊ रक्कम, आणि 'उचल्या' म्हणजे चोर. भाषेने उचल देऊन माणूस बांधणाऱ्याला वेगळे ठेवले आणि पोटासाठी हात मारणाऱ्याच्या कपाळावर ते नाव कोरले. आपल्या समाजाचा न्याय हा असा आपल्या शब्दांतच बसलेला आहे.

तेथे एका बाईच्या हातात लोखंडी घमेले होते. मला 'उपरा'तली टोपली आठवली. लोखंडाचे घमेले आणि प्लॅस्टिकची पाटी आली आणि फोकाच्या टोपलीचे गिऱ्हाईक गेले. ज्या वस्तूने जुना धंदा बुडवला तीच वस्तू डोक्यावर घेऊन नवा धंदा करायचा. गाढव गेले, तळ गेला, पाटील गेला. बिऱ्हाड मात्र चालूच आहे. पूर्वी ते गावाकडून गावाकडे जात होते, आता ते अर्धवट इमारतीकडून अर्धवट इमारतीकडे जाते. जे घर बांधायचे त्याच्याच भिंतीत तीन दगड मांडायचे, आणि घर राहण्याजोगे झाले की निघायचे.

याच परिसरात ४ एप्रिल २०१३ रोजी लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. परवानगी नसलेली इमारत. खालच्या मजल्यांवर माणसे राहत होती आणि वर मजले चढत होते. ७४ माणसे मेली. त्यांत बायका होत्या, मुले होती. बांधणारी कुटुंबे तेथेच राहत होती. वृत्तपत्रांनी भ्रष्टाचारावर लिहिले, ते बरोबरच होते. पण एखादा मजूर कामावर मेला तर त्याला अपघात म्हणतात. त्याची बायको आणि पोरे त्याच ढिगाऱ्याखाली का सापडली, हा प्रश्न भटक्या कामाचा प्रश्न आहे. कुटुंबच कामाचे एकक असले की मरणही कुटुंबानेच येते. मराठी साहित्यात या घटनेला तोलणारे स्वकथन माझ्या वाचनात नाही. आज वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत बुलेट ट्रेनसाठी २१ किलोमीटरच्या बोगद्याचे काम हाती घेतले गेले आहे. फाट्याचे नाव आता देशभर छापून येते. फाट्यावर उभ्या राहणाऱ्यांचे नाव मात्र कुठल्याच यादीत टिकत नाही.

यादी हा शब्द मी मुद्दाम वापरला. सरकारही माझ्यासारखेच वाचते. त्यालाही सलगता हवी असते. विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ या मानीव दिनांकापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आज्याचा तळ दर दोन दिवसांनी हलत होता त्याने कोणत्या गावचा कागद आणायचा? बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची तर वर्षभरात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ज्याचा मालक रोज बदलतो त्याने ९० दिवसांची सही कोणाकडून घ्यायची? आणि कागद नसलेला माणूस संशयित ठरायला वेळ लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळवणारी टोळी या अफवेवरून, जमावाने ठेचून मारले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी तेथे गेली होती. समीक्षकाचा लाल शेरा, कचेरीतला त्रुटीचा शेरा आणि जमावाचा दगड यांत अंतर फार मोठे आहे, हे मी जाणतो. पण तिघांनाही एकच गोष्ट खटकते. या माणसाचा ठावठिकाणा सांगता येत नाही.

कोणी विचारील, मग तुम्हाला भटकंतीचे गोडवे गायचे आहेत काय? मुळीच नाही. भटकेपणा रक्तात असतो, परंपरेत असतो, ही बात आपण शहाण्या माणसांनी रचलेली आहे. तो कामाच्या अटींत असतो. जमीन, घर, शाळा, ठरलेली मजुरी ही मागणी पूर्वीइतकीच खरी आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, स्थिर झालेल्या माणसाच्या कथेलाच आपण पूर्ण कथा मानले तर अजून चालत असलेल्यांची कथा कायम अपुरीच ठरेल, आणि जी कथा अपुरी ठरते तिच्या माणसांची मागणीही अपुरी ठरते. दलित समीक्षेने एकेकाळी प्रस्थापितांना ठणकावून सांगितले होते की तुमचे सौंदर्यशास्त्र आमच्या जगण्याला लागू नाही. तेच वाक्य आज नाक्यावरचा माणूस आपल्याला ऐकवू शकतो. ते ऐकण्याची आपली तयारी असली पाहिजे.

त्यासाठी मोठा सिद्धांत नको. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी ही पुस्तके पुन्हा वाचावीत, आणि वाचताना समासात हिशोब मांडावा. या पानावर कोण काय काम करते, मोबदला काय, खाडा किती, उचल किती, कोणाचे दोन हात कमी झाले. कार्यकर्त्यांनी नाक्यावर केवळ सभा न घेता लिहून घ्यायला बसावे. आत्मकथनच हवे असा हट्ट नको. मुक्कामांची यादी चालेल, खाड्यांची वही चालेल, बाईने सांगितलेली चुलींची मोजदाद चालेल.

तो मुलगा मला सापडला नाही. नाक्यावर एकाने सांगितले पनवेलकडे गेले, दुसरा म्हणाला गावी गेले. वही माझ्याकडेच राहिली आहे. आता तो निबंध मी दरवर्षी, लिहिणाऱ्याचे नाव न सांगता, वर्गात वाचून दाखवतो आणि माझा शेराही वाचून दाखवतो. मग मुलांना विचारतो की यातले विस्कळीत काय आहे. पहिल्या बाकावरची मुले मांडणीबद्दल बोलू लागतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, काम." तिला मी पुढे काही विचारले नाही. ती कोठून येते हे मला अजून माहीत नाही, पण या खेपेस विचारणार आहे.